वडिलांच्या कपाटातली बंदूक

अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी आलेली पिढी आता थकली आहे, काही जण गेलेही. लग्नाने जोडल्या गेलेल्या अमेरिकन सासऱ्यांचीही तीच वयं. घर आवरायला घेतलं की कपाटाच्या वरच्या फळीवर, पलंगाखालच्या पेटीत किंवा गराजमध्ये बंदूक सापडते आणि पहिला प्रश्न येतो, ‘ही माझ्या नावावर कशी करायची?’ या वेळच्या पत्रांमध्ये तोच प्रश्न वेगवेगळ्या राज्यांतून आला आहे. उत्तरंही वेगवेगळी आहेत, कारण साध्या बंदुकांची देशव्यापी नोंदवही केंद्र सरकारकडे नाही. १९८६ च्या कायद्याने तशी ठेवायला बंदीच केली आहे. नोंदणी असलीच तर ती राज्याची. केंद्राचा कायदा फक्त दोन गोष्टी पाहतो : घेणारा माणूस पात्र आहे का, आणि बंदूक राज्याची हद्द कशी ओलांडते.

प्रश्न : वडिलांच्या खोलीत एक पिस्तूल आणि एक जुनी रायफल सापडली. भरलेली आहेत की रिकामी, कळत नाही. हात लावावा का?

जमत नसेल तर लावू नका. खोलीला कुलूप घाला, मुलांना आणि पाहुण्यांना लांब ठेवा आणि गावातल्या पोलिसांच्या साध्या चौकशी क्रमांकावर फोन करा, ९११ या तातडीच्या क्रमांकावर नको. बऱ्याच ठिकाणी अधिकारी घरी येऊन बंदूक रिकामी करून देतो. बंदूक पिशवीत घालून स्वतः पोलीस ठाण्यात जाणं मात्र टाळा. भरलेली बंदूक गाडीत ठेवणं अनेक राज्यांत गुन्हा आहे, आणि काउंटरवरच्या अधिकाऱ्याला तुमचा हेतू ठाऊक नसतो.

पूर्वी हाताळलेली असेल तर क्रम चुकवू नका. नळीचं तोंड जिथे गोळी सुटली तरी कोणी मरणार नाही अशा दिशेला, बोट चापाच्या बाहेर. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढायचं आणि मग वरची स्लाइड मागे ओढायची. घरोघरी होणारी चूक नेमकी उलटी असते. लोक आधी स्लाइड ओढतात. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली, गोळी बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत ढकलते. मग मॅगझिन काढलं की ‘रिकामं झालं’ असं वाटतं, आणि नळीत एक गोळी तशीच राहते. स्लाइड दोन-तीन वेळा ओढा, मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये उजेडात बघा आणि करंगळीने चाचपून बघा. डोळा फसतो, बोट फसत नाही.

नेहमीच्या रिव्हॉल्व्हरची चक्री डाव्या बाजूची कळ दाबून बाहेर काढायची आणि मधला दांडा दाबून सगळी काडतुसं एकदम पाडायची. बोल्टची रायफल असेल तर दांडी वर उचलून मागे ओढायची. दुनळी बंदुकीची वरची खिट्टी बाजूला सारली की ती मधून दुमडते. खालच्या कडीने चालणाऱ्या जुन्या काउबॉय धाटणीच्या रायफलीच्या वाटेला जाऊ नका. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत असतात आणि ती सगळी चेंबरमधूनच बाहेर येतात. एखादी यंत्रणा अडली तर जोर लावू नका. वीस वर्षांत तेलाचा गोंद होतो आणि काडतूस आत चिकटून बसतं. हिरवट गंज आलेली काडतुसं वापरू नयेत, कचऱ्यातही टाकू नयेत. पोलीस किंवा नेमबाजीचं मैदान घेईल का, ते विचारा.

प्रश्न : वडील ह्यूस्टनला वारले. मृत्युपत्रात शॉटगन आणि पिस्तूल माझ्या नावे आहे. मी डॅलसला राहतो. नोंद कुठे करायची?

कुठेच नाही. टेक्ससमध्ये नोंदवही नाही. फ्लोरिडात तर सरकारी यंत्रणेने अशी यादी ठेवणं हाच गुन्हा आहे. तुम्ही दोघं एकाच राज्यातले असल्यामुळे केंद्राचाही अडथळा नाही.

तरी कागद करा, सरकारसाठी नाही, स्वतःसाठी. एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या माणसाने, सही करून दिलेली एक साधी पावती पुरते : बनावट, मॉडेल, कॅलिबर, अनुक्रमांक, तारीख. सोबत मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत आणि कोर्टाने एक्झिक्युटरला दिलेलं नेमणूकपत्र. उद्या चोरी झाली तर पोलीस आणि विमा कंपनी दोघंही पहिल्यांदा अनुक्रमांक विचारतात, आणि तो सांगता येत नाही म्हणून तक्रार अर्धवट राहते.

एक्झिक्युटरची नेमणूक होण्याआधी तेराव्याला जमलेल्या भावंडांनी ‘ही तू घे, ती मी’ असं वाटून घेऊ नये. तोवर ती मालमत्ता इस्टेटीची असते. आणि वाटून घेणाऱ्यांपैकी एखादा अपात्र निघाला, तर देणाराही अडचणीत येतो. अपात्र म्हणजे एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला, घरगुती हिंसेच्या छोट्या गुन्ह्यातही दोषी ठरलेला, कोर्टाने तशा प्रकरणात मनाई हुकूम दिलेला, अमली पदार्थ घेणारा. राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी केंद्राच्या कायद्यात तो अमली पदार्थच आहे, हे कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या नावे बंदूक ठेवणाऱ्या पालकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : आईवडील अ‍ॅरिझोनात, मी कॅलिफोर्नियात. वडील गेले. एक रिव्हॉल्व्हर, एक पिस्तूल आणि एक रायफल मृत्युपत्राने मला आली आहे. भाऊ म्हणतो, गाडीत टाक आणि घेऊन जा.

भावाचं निम्मं बरोबर आहे. एरवी एका राज्यातल्या माणसाला दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट बंदूक देता येत नाही, परवानाधारक विक्रेता मध्ये लागतो. इथे सगळे त्याला एफएफएल म्हणतात. पण मृत्युपत्राने किंवा मृत्युपत्र नसताना वारसाहक्काने आलेल्या बंदुकीला १९६८ च्या केंद्रीय कायद्यात सूट आहे. अट एकच, ती वस्तू तुमच्या राज्यात तुम्हाला बाळगता येत असली पाहिजे. आणि कॅलिफोर्नियाची खरी मेख तिथेच आहे.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. पहिली, मॅगझिन. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन कॅलिफोर्नियात आणता येत नाही. ते अ‍ॅरिझोनातच सोडा किंवा विका. पिस्तूल चालेल, पण त्याच्यासोबतचं पंधरा गोळ्यांचं मॅगझिन चालणार नाही, असं सर्रास होतं. दुसरी, रायफल. अर्धस्वयंचलित असून सुटं मॅगझिन आणि पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा दस्ता असं काही तिला असेल, तर कॅलिफोर्निया तिला ‘असॉल्ट वेपन’ म्हणू शकतं, आणि मग परवान्याशिवाय ती राज्यात आणणंच गुन्हा ठरतं. बोल्टची शिकारी रायफल असेल तर काळजी नाही. शंका असेल तर रायफल जागच्या जागी ठेवून कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्याला फोटो पाठवा. तिसरी, ‘फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट’. बंदूक ताब्यात घेण्यापूर्वी ते हातात हवं. बंदुकीच्या दुकानात तीस प्रश्नांची लेखी परीक्षा असते, तेवीस बरोबर यावे लागतात. शुल्क २५ डॉलर, मुदत पाच वर्षं. रायफलीलाही ते लागतं. फक्त पिस्तुलाला लागतं हा समज जुना आहे.

ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत राज्याच्या न्याय विभागाकडे बीओएफ ४५४४ए हा फॉर्म जातो, शुल्क १९ डॉलर. टपालाने पाठवता येतो किंवा विभागाच्या ऑनलाइन यंत्रणेतून भरता येतो. ऑनलाइन भरा, कारण अपुरा रकाना तिथेच अडवला जातो. कॅलिफोर्नियात नव्या पिस्तुलांची जी ‘मंजूर यादी’ आहे, ती आईवडिलांकडून मुलाकडे येणाऱ्या पिस्तुलाला लागू होत नाही. जुनं मॉडेल यादीत नाही म्हणून घाबरून विकून टाकू नका. मात्र या कौटुंबिक सवलतीत आईवडील-मुलं आणि आजीआजोबा-नातवंडं एवढंच नातं धरलं जातं. सासरे-जावई, भाऊ-बहीण यात बसत नाहीत. सासऱ्यांची बंदूक असेल तर फॉर्म मुलीच्या नावाने भरायचा, जावयाच्या नाही.

गाडीतला नियम सोपा आहे : रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटी, पण पुढचा कप्पा किंवा सीटमधला डबा त्यासाठी चालत नाही. विमानाने जाणार असाल तर कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत रिकामी बंदूक, फक्त चेक-इन सामानात, आणि काउंटरवर आधी सांगून. एवढा उपद्व्याप नको असेल तर अ‍ॅरिझोनातल्या विक्रेत्याकडून कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्याकडे पाठवा. मग दहा दिवसांची प्रतीक्षा आणि दुकानाचं शुल्क येतं, पण चूक व्हायला जागा कमी उरते.

प्रश्न : नोंदणीचा फॉर्म दोनदा परत आला. ‘अनुक्रमांक जुळत नाही’ असा शेरा. रिव्हॉल्व्हरवर चार ठिकाणी आकडे आहेत. खरा कोणता?

बहुतेक वेळा पाठवला जातो तो मॉडेल क्रमांक, पेटंटची तारीख किंवा कारखान्यातला जुळणीचा आकडा.

स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर अनुक्रमांक मुठीच्या तळाला, धातूवर असतो. नंतर कोणी मोठी लाकडी किंवा रबरी मूठ बसवली असेल तर तो झाकला जातो. स्क्रू काढून मूठ उतरवावी लागते. चक्री बाहेर काढल्यावर आतल्या खाचेत ‘मॉड’ या अक्षरांनंतर जो आकडा दिसतो तो मॉडेल आहे, आणि फॉर्मवर चुकून जातो तो नेमका हाच. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचा क्रमांक मात्र त्याच खाचेत सांगाड्यावर सापडतो. विंचेस्टर ९४ रायफलीचा खालच्या अंगाला, यंत्रणेच्या पुढच्या टोकाशी. सैन्याच्या १९११ पिस्तुलाचा सांगाड्याच्या उजव्या बाजूला. जर्मन ल्यूगरच्या छोट्या-छोट्या भागांवर शेवटचे दोनच आकडे असतात, पूर्ण क्रमांक सांगाड्याच्या पुढच्या भागावर. ग्लॉकच्या प्लास्टिक सांगाड्याखाली धातूची छोटी पट्टी असते, ती वाचायची.

नियम एक लक्षात ठेवा : कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तिचा सांगाडा. स्लाइडवर किंवा नळीवर वेगळा आकडा असेल तर तो भाग कधीतरी बदललेला असू शकतो, फॉर्मवर सांगाड्याचाच क्रमांक जाणार. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ भिंगाने सोडवा. खडूची पूड चोळून पुसली की बुजलेले आकडे वर येतात. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर घासू नका. आकडे तर जातातच, जुन्या निळ्या झिलईसोबत बंदुकीची किंमतही जाते.

नळीची लांबीही चुकते. रिव्हॉल्व्हरची लांबी तोंडापासून चक्रीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात, चक्री त्यात नाही. बाकी बंदुका बंद करून, रिकाम्या आहेत याची पुन्हा खात्री करून, तोंडातून लाकडी काडी आत टेकेपर्यंत सोडायची, खूण करायची आणि काडी मोजायची.

क्रमांक मुळातच नसेल तर? १९६८ पूर्वीच्या कित्येक स्वस्त .२२ रायफलींना आणि शॉटगनना कारखान्याने क्रमांक दिलेलाच नाही, ते बेकायदेशीर नाही. फॉर्मवर तसंच लिहा, घरी ठोकून आकडा घालू नका. पण क्रमांक होता आणि तो घासून काढलेला दिसत असेल, तर प्रकरण वेगळं. अशी बंदूक जाणूनबुजून बाळगणं केंद्रीय गुन्हा आहे. ती हलवू नका, आधी वकिलाला फोन करा.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे, बायको अमेरिकन नागरिक. तिच्या वडिलांची शिकारी रायफल तिला मिळाली. ती आमच्या घरात राहू शकते का? आणि उद्या दोघांच्या नावावर करता येईल का?

या सदरातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पत्र, आणि आपल्या लोकांत सगळ्यात कमी माहिती असलेला कायदा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्राचा कायदा बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई करतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे यात आले. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी उठते, पण ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. दहा-दहा वर्षं रांगेत असलेल्यांना हे कटू वाटेल, पण कायदा तसा आहे.

बायको मालक होऊ शकते, रायफल घरातही राहू शकते. पण ‘बाळगणं’ म्हणजे हातात धरणं एवढंच नाही. जी वस्तू कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मनात आलं तर तुम्ही ती घेऊ शकता, ती तुमच्याही ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. म्हणून तिजोरी हवी, आणि तिचा आकडा किंवा किल्ली फक्त बायकोकडे. आकडा लग्नाची तारीख नको. काडतुसं त्याच तिजोरीत. तुमच्या टेबलाच्या खणात पडलेला एक खोकाही पुरेसा ठरतो. रायफल दुकानात न्यायची झाली तर बायकोने न्यावी. दोघांच्या नावावर करण्याचा विचारही सोडा.

एक अपवाद आहे : राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो असेल तर ही विशिष्ट बंदी लागू होत नाही. राज्याचे बाकी नियम राहतातच. पण बहुतेक राज्यांत त्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि परवाना साधारण वर्षभराचा असतो. तो संपला त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा अपात्र. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर तुरुंगापलीकडे देशातून काढून टाकण्याचं स्वतंत्र कारण तयार होतं. वारशाने आलेल्या एका रायफलीसाठी एवढी दोरीवरची कसरत करू नये असं आमचं मत आहे.

तुम्ही स्वतःच वारस असाल आणि व्हिसावर असाल, तर बंदूक स्वीकारूच नका. एक्झिक्युटरला ती विक्रेत्याकडे विकायला सांगा. पैसे घ्यायला बंदी नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतले. वडिलांकडे बंदूक-खरेदीचं ओळखकार्ड आणि दोन पिस्तुलं होती. आईकडे आणि माझ्याकडे काहीच कार्ड नाही. पिस्तुलासाठी परमिट काढावं लागेल का?

वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकीला खरेदीचं परमिट लागत नाही, न्यू जर्सीच्या कायद्यात तसा स्पष्ट अपवाद आहे. पण घेणारा पात्र मात्र असला पाहिजे. आई पात्र असेल तर पिस्तुलं तिच्या घरात, तिच्या मालकीची राहू शकतात. तरीही फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढून ठेवा. त्याशिवाय पुढे काडतुसं घेताना, बंदूक नेता-आणताना अडतं. अर्ज ऑनलाइन जातो. दोन ओळखीची माणसं, बोटांचे ठसे, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती आणि प्रशिक्षणाचा पुरावा लागतो. वेळ लागतो तो ओळखीच्या माणसांनी ईमेलला उत्तर न दिल्यामुळे, तेव्हा नाव देण्यापूर्वी त्यांना सांगून ठेवा.

वारस अपात्र असेल, तर विक्रीसाठी १८० दिवस मालकी ठेवता येते, पण तेवढा काळ बंदूक गावाच्या पोलीस प्रमुखाच्या किंवा राज्य पोलिसांच्या ताब्यात राहिली पाहिजे. मुदत वाढवून मिळू शकते, ती संपण्यापूर्वी लेखी मागा. जमा करताना प्रत्येक अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या. ‘दोन पिस्तुलं जमा’ एवढीच पावती पुढे विक्रेत्याला उपयोगाची नसते. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन इथेही चालत नाही.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये काय नियम?

इथे घड्याळ सगळ्यात जोरात पळतं. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मालकाच्या परवान्यावर लिहिलेलं असतं आणि तो परवाना माणसाबरोबर संपतो. एक्झिक्युटरला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात ती कायदेशीररीत्या सोपवा किंवा पोलिसांकडे जमा करा. वारसाने स्वतःचा परवाना काढल्यावर ती तिथून त्याला मिळू शकते. परवान्याला महिने लागतात, म्हणून आधी जमा आणि मग अर्ज. ‘अर्ज केलाय, येईलच’ म्हणून घरात ठेवलेलं पिस्तूल विनापरवाना पिस्तूलच असतं. सरोगेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा पाहणाऱ्या कोर्टात, इस्टेटीतल्या बंदुकांची वेगळी यादीही द्यावी लागते. न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत रायफल आणि शॉटगनलाही परवाना लागतो, क्वीन्समधल्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं.

प्रश्न : सासरे दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांच्या ट्रंकेत जर्मन मशीनगन आणि नळी कापलेली शॉटगन निघाली. सोबत सैन्याचं ‘युद्धात मिळवलेली वस्तू’ असं पत्र आहे. आता नोंदणी करता येईल का?

नोंदवलेल्या नसतील तर नाही. वारसांना हे पटत नाही, पण इथे पळवाट नाही. मशीनगन, सायलेन्सर, १६ इंचांहून आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन, किंवा कापून एकूण २६ इंचांहून आखूड केलेली बंदूक, या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येतात आणि त्यांची मात्र केंद्राकडे नोंद असावी लागते. नोंद करवून घ्यायची माफीची संधी एकदा दिली होती, २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८. सैन्याचं पत्र वस्तू कायदेशीररीत्या देशात आली एवढंच सांगतं, ते नोंदणीपत्र नव्हे.

म्हणून आधी कागद शोधा. बँकेचा लॉकर, जुन्या कर-फायली, सैन्याची कागदपत्रं. फॉर्म ४४६७ सापडला तर ती १९६८ ची नोंद आहे. फॉर्म ४ म्हणजे नोंदलेलं शस्त्र दुसऱ्याच्या नावे करण्याचा फॉर्म, त्यावर कराचं तिकीट असतं. कागद नसेल तर एक्झिक्युटरने मृत्यूचा दाखला आणि नेमणूकपत्र जोडून वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथल्या एटीएफच्या, म्हणजे बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, विभागाकडे चौकशी करावी. विचारण्यापूर्वी वकील करा.

नोंद निघाली तर वारसाच्या नावे फॉर्म ५ भरायचा. कर लागत नाही, बोटांचे ठसे लागतात. मंजुरी येईपर्यंत वस्तू एक्झिक्युटरच्याच ताब्यात. ओळखीच्या दुकानदाराकडे ‘सांभाळायला’ ठेवणंसुद्धा बेकायदा हस्तांतर ठरू शकतं. वारसाच्या राज्यात अशा शस्त्रावर बंदी असेल तर मंजुरी मिळत नाही. नोंद नसेल तर वकिलामार्फत एटीएफच्या स्थानिक कार्यालयाला कळवून वस्तू सोडून द्यावी लागते. नळीत शिसं ओतून ‘बंद’ केलेली मशीनगनसुद्धा, सांगाडा शाबूत असेल तर, कायद्याने मशीनगनच राहते. आणि ती स्वतः कापायला बसू नका.

प्रश्न : वडील हयात आहेत, ओहायोत राहतात. त्यांना त्यांची रायफल आताच मला द्यायची आहे. मी व्हर्जिनियात.

हयातीतली भेट वारसा नाही, वारशाने आलेल्या बंदुकीला मिळणारी वरची सूट तिला लागू होत नाही. वडिलांनी ती व्हर्जिनियातल्या विक्रेत्याकडे पोचवायची, तुम्ही तिथे फॉर्म ४४७३ हा बंदूक घेणाऱ्याने भरायचा केंद्राचा फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासणी होऊन घ्यायची. दिवाळीला आले असताना हातात देऊन जाणं हा केंद्रीय गुन्हा आहे, बापलेक असले तरी.

प्रश्न : आजोबांची काडतुसाची दुनळी बारा बोअरची बंदूक साताऱ्याला आहे. परवाना त्यांच्या नावे होता, ते गेले. मला ती अमेरिकेत आठवण म्हणून आणायची आहे.

आणण्याच्या आधी तिकडचं पाहा. परवाना आजोबांबरोबर संपला, त्यामुळे बंदूक घरात ठेवणं आता भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ चा भंग आहे. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. उशीर झाला असला तरी वारसाने आपणहून जमा करणं केव्हाही बरं. पावतीवर नळीवरचा क्रमांक लिहून घ्या. नंतर शस्त्र नियम, २०१६ खाली वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागतात, पोलीस पडताळणी होते. तिथे राहणाऱ्या भावाने किंवा चुलतभावाने अर्ज करणं शहाणपणाचं. त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं मिळणार नाही, २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा तीनवरून दोनवर आली.

अमेरिकेच्या बाजूने बंदूक आयात करायला एटीएफचा मंजूर फॉर्म ६ आधी हवा, आणि तो साधारणपणे परवानाधारकामार्फत जातो. १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेल्या बंदुकीला हा फॉर्म लागत नाही, असं कोणीतरी सांगेल, ते खरं आहे. पण एवढी जुनी बंदूक भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू ठरते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. म्हणजे इथे सोपी तेवढी तिथे अडलेली. शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारताचा निर्यात परवाना आणि इथला फॉर्म ६, दोन्ही. दोन देशांची ती कागदपत्रं हातात आल्याशिवाय बंदूक किंवा तिचे सुटे भाग सामानात घालू नका. नळी वेगळी, दस्ता वेगळा करून दोन बॅगांत आणण्याची युक्ती विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रावर पहिल्या मिनिटात उघडी पडते. आणि एखादं विसरलेलं काडतूस बॅगेच्या तळाशी सापडलं तरी भारतातल्या विमानतळावर अटक होऊ शकते, तेव्हा साताऱ्याहून निघताना ती जुनी शिकारीची पिशवी वापरू नका.